डीएमए म्हणजे वेग? १९८४ च्या एटीचा इतिहास वेगळा आहे

जुन्या संगणकांविषयी एक विधान इतक्यांदा उगाळले गेले आहे की ते तपासण्याची गरजच कोणास वाटत नाही. प्रोसेसरने प्रत्येक बाइट स्वतः वाहणे हा मागास मार्ग, आणि कार्डावरील माहिती थेट मेमरीत उतरवणारी डीएमए ही प्रगती, असे ते विधान. आयबीएमच्या यंत्रांत मात्र घडले ते नेमके उलट.

१९८१ च्या पीसीत इंटेलची ८२३७ ही डीएमए चिप होती. कार्ड विनंती करी, चिप प्रोसेसरकडून बस मागून घेई, आणि बाइट प्रोसेसरला न शिवता मेमरीत जाई. इथवर कथा खरी. तिचे चॅनेल चार. त्यांतले पहिलेच, शून्य क्रमांकाचे, मेमरी रिफ्रेश करण्यात अडकलेले.

खरी अडचण पुढे आहे. चिपचा पत्ता १६ बिटांचा, पीसीचा २० बिटांचा. वरचे चार बिट निराळ्या रजिस्टरात ठेवून ठिगळ लावले गेले. पण ते रजिस्टर आपणहून पुढे सरकत नसे. त्यामुळे ६४ किलोबाइटांची सीमा आली की उरलेली माहिती पुढे जाण्याऐवजी त्याच ६४ किलोबाइटांच्या आरंभी पडे आणि तिथे असेल ते पुसून टाकी. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना या 'प्रगती'ची किंमत ठाऊक होती.

१९८३ च्या एक्सटीत हार्डडिस्क डीएमएवर चाले. १९८४ च्या एटीत आयबीएमने ती तिथून काढून घेतली. ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झचा, तर डीएमए ३ मेगाहर्ट्झवर रखडलेली. शिवाय ८०२८६ ला पोर्टवरील शब्दांची अख्खी रांग एकाच आज्ञेत मेमरीत ओढता येई. ५१२ बाइटांचा सेक्टर म्हणजे २५६ शब्द. आणि डॉस एका वेळी एकच काम करणारी प्रणाली! मोकळा ठेवलेला प्रोसेसर डिस्कची वाट पाहण्यापलीकडे करणार तरी काय?

याला माघार म्हणणारे लोक १९९२ च्या पीसीआयचा चष्मा लावून १९८४ कडे पाहतात. पीसीआयवर कार्डे बसचा ताबा स्वतःच घेऊ लागली. तो वेग ८२३७ चा नव्हेच.

या मंद चिपचे खरे चीज केले ते १९८९ च्या साउंड ब्लास्टरने. ध्वनीला वेग नको, सातत्य हवे. गेम चित्रे रेखाटण्यात गुंतलेला असता चिप एकेक बाइट मेमरीतून कार्डाकडे पोहोचवत राही.