बँक विकली तर आपलं काय जातं?



पाड्यापाड्यात बैठका घेताना आम्हाला एकच बोलणं ऐकू येतं. सरकार बँका विकतंय, विमा विकतंय, कारखाने विकतंय, विकू दे. बँकेनं आपल्याला कधी काय दिलं?

बोलणाऱ्यावर आम्ही रागावत नाही. त्या दारात आम्हीही उभे राहिलोय. बैलजोडीसाठी कर्ज मागायला गेलो, तर मॅनेजर साहेबांनी पहिला शब्द काढला तो सातबारा. आमच्याकडं आहे फॉरेस्टच्या दंडाची पावती. आजा कसत होता, बाप कसत होता, आम्ही कसतो, तरी कागदावर आम्ही अतिक्रमणवाले. साहेब म्हणाले, चोरीच्या जमिनीवर कर्ज मिळत नसतं. मग बैल सावकाराच्या पैशानं आले आणि त्या सालची नागली खळ्यावरूनच त्याच्या घरी गेली.

म्हणजे बोलणं खरं आहे. पण अर्धंच.

19 जुलै 1969 ला सरकारनं 14 मोठ्या बँका ताब्यात घेतल्या. तोवर त्या शेठ घराण्यांच्या. पैसा लोकांचा, कर्ज मात्र त्यांच्याच गिरण्या-कारखान्यांना. साऱ्या देशात तेव्हा 8,262 शाखा होत्या, त्यात खेड्यातल्या 1,833. 2001 पर्यंत त्या 65 हजारांवर गेल्या, जवळजवळ निम्म्या खेड्यात. बाजाराच्या गावाला बँकेची पाटी दिसते ती कुणा शेठच्या दयेनं लागलेली नाही. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की 100 रुपयांच्या कर्जातले 40 शेती, छोटे धंदे, गरीब यांच्याकडं गेले पाहिजेत. त्यातले 12 दुर्बल घटकांचे. आपण त्या बारातले. साहेबांनी आपल्याला हाकललं ते नियम असून हाकललं.

हे 40 चे 10 करा असं 1991 ला नरसिंहम समितीनं सांगितलं होतं. तेव्हा जमलं नाही. 2000 साली बँकांमधला सरकारचा हिस्सा 33 टक्क्यांपर्यंत खाली आणायचं बिल लोकसभेत आलं होतं. नफ्यासाठी बसलेला मालक आपल्या बाजारातली शाखा कशाला चालू ठेवील?

आणि तारण नाही म्हणून पैसे नाही, हे तरी सगळ्यांना लागू आहे का? दाभोळच्या एन्रॉनला सरकारी बँका-वित्तसंस्थांनी हजारो कोटी दिले. वीज इतकी महाग की वीज मंडळानंच घेणं सोडलं, आणि 2001 च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला. आमच्या आयांनी मोहाची फुलं, डिंक विकून पासबुकात टाकलेले शंभर-दोनशे रुपये कुठं गेले, ते यावरून समजा.

विम्याचंही तेच. 1956 साली 245 खाजगी विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झालं. 1999 च्या कायद्यानं खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं, परदेशी भांडवल 26 टक्क्यांपर्यंत. पीकविमा आहे, पण तिथंही आधी सातबारा दाखवा. आमची वरई पावसानं झोपली तर ती सरकारच्या हिशोबात झोपतच नाही.

आता कोरब्याकडं बघा. छत्तीसगडात. आदिवासी मुलखात बाल्कोचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना उभा राहिला. देशाचा कारखाना आहे, देशासाठी जमीन, असं सांगितलं गेलं. मार्च 2001 मध्ये सरकारनं 51 टक्के हिस्सा स्टरलाइट कंपनीला 551 कोटी 50 लाखांना देऊन टाकला. कामगारांनी 67 दिवस संप केला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, डिसेंबरात निकाल लागला. कोर्टाचं म्हणणं असं की कंपनी तीच आहे, शेअर फक्त या हातातून त्या हातात गेले, जमिनीचं हस्तांतर झालेलंच नाही.

वा! आमच्या भावानं अडीअडचणीत बिगर आदिवासीला अर्धा एकर दिला तर कलेक्टरची परवानगी लागते. इथं कारखान्याखालची सगळी जमीन शेठच्या ताब्यात गेली आणि हस्तांतर नाही. याच सुप्रीम कोर्टानं 1997 ला आंध्रच्या समता खटल्यात सांगितलं होतं की अनुसूचित क्षेत्रातली जमीन सरकारसुद्धा खाजगी कंपनीला खाणीसाठी देऊ शकत नाही. सरकारी महामंडळ किंवा आदिवासींची सहकारी संस्था चालेल. म्हणूनच मालक सरकार की शेठ, या प्रश्नावर आमची जमीन टांगलेली आहे. महामंडळाला द्यायची आणि मग महामंडळच विकायचं, ही मागच्या दारानं जमीन काढायची वाट आहे.

शहरातल्या बँक युनियनचे साथी आम्हाला मोर्चाला बोलावतात. आम्ही जाणार. पण त्यांनाही तोंडावर सांगणार, तुमच्या काउंटरवर आमच्या म्हाताऱ्यांना अरे-तुरे होतं, अंगठा लावायला अर्धा दिवस ताटकळावं लागतं. नोकरी वाचवायला आमची साथ हवी तर आमच्या प्लॉटवर कर्ज मिळावं म्हणून तुमचीही साथ पाहिजे. आणि देशाच्या नावानं घेतलेली जमीन देशाकडं राहणार नसेल, तर ती ज्याची होती त्याला परत करा. आमची मागणी ही. किंमत आम्ही मागत नाही.

1989 पासून काही वर्षं प्रत्येक गाव एकेका शाखेला वाटून दिलेलं होतं. आपलं गाव कुणाच्या वाट्याला आलं होतं ते तलाठ्याला आणि बँकेत विचारा. येत्या बाजाराच्या दिवशी एकट्यानं जाऊ नका, पाड्यातले दहा-बारा मिळून जा. कर्जाचा अर्ज लेखी द्या, सोबत दंडाच्या पावतीची नक्कल जोडा, अर्जाची पोच घ्या. नाही म्हणायचं तर साहेबांनी कागदावर म्हणावं. तो कागद पुढच्या बैठकीला घेऊन या.