भीतीचं सोवळं

एप्रिल 2021 मधली गोष्ट आहे. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. रात्री-बेरात्री अँब्युलन्सचा आवाज आला की आधी मनात यायचं, आता कोण?

आमच्या घरापासून तीन घरं सोडून एक मावशी राहतात. आमच्याच चर्चच्या. वय सत्तरीच्या पुढे, मुलगा पुण्याला, घरात एकट्या. त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्रास फारसा नव्हता, म्हणून डॉक्टरांनी घरीच राहायला सांगितलं. सकाळी त्यांचा मला फोन आला, "बाळा, दुधाची पिशवी तेवढी फाटकाला अडकवशील का रे? आत येऊ नकोस."

मी "हो मावशी, आणतो" म्हणालो. आणि गेलो नाही. तासाभराने फोन करून सांगितलं की मलाच जरा कणकण वाटतेय. ताप वगैरे काही नव्हता. दूध शेवटी समोरच्या रिक्षावाल्याने नेऊन दिलं. पुढचे पंधरा दिवस रोज दिलं.

आणि गंमत बघा, त्याच सकाळी मी चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक्क्याण्णवावं स्तोत्र टाकलं होतं. मरीच्या साथीतही देव कसा सांभाळतो, ते सांगणारं. खाली हात जोडल्याची चित्रं, पंचवीस-तीस 'आमेन'!

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे परवा उपासनेत 'भीती नको, विश्वास धरा' या विषयावर संदेश झाला. संदेश चांगला होता. पण ऐकताना वाटत राहिलं की हे वाक्य आपण फार सहज बोलतो. जणू विश्वास आला की भीती दिवा लावल्यावर अंधार जावा तशी जाते. माझा अनुभव तसा नाही. गेथशेमाने बागेतली ती रात्र आठवा. प्रभू येशूलाही तिथे प्राणांतिक दुःख झालं, हा प्याला टळावा असं त्याला वाटलं. त्याने ते लपवलं नाही. तेव्हा भीती वाटणं हे पाप आहे असं मला वाटत नाही. भीती वाटते तेव्हा आपण काय करतो, प्रश्न तिथे सुरू होतो.

कोरोनाच्या काळात मी विश्वासाचे दोन खोटे प्रकार पाहिले. एक म्हणजे, "आपल्यावर प्रभूचं आच्छादन आहे, मास्क कशाला?" हा. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हा मोह सैतानाने प्रभूलाही घातला होता, आणि प्रभूने तो साफ नाकारला होता. देवाची परीक्षा पाहणं म्हणजे विश्वास नव्हे. दुसरा प्रकार माझा. तोंडाने स्तोत्र आणि दाराला आतून कडी.

त्याच लॉकडाऊनमध्ये मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतली होती. सुरुवातीलाच त्यांनी आपल्या वडिलांबद्दल लिहिलंय. 1857 च्या बंडात लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही! आधी वाचलं तेव्हा मी खूप हसलो होतो. या वेळी हसू आलं नाही. कारण आमच्या मोरीत मेथीची जुडी सोड्याच्या पाण्यात पोहत होती आणि दुधाच्या पिशव्या साबणाने आंघोळ करत होत्या.

लक्ष्मीबाई त्याच धाकात वाढल्या. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळलं. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. मग त्या टिळकांकडे आल्या, पण आपली चूल, आपलं पाणी वेगळं ठेवून. ते सोवळं एका दिवसात गेलं नाही, हळूहळू सुटलं. पुढे त्याच बाईंच्या घरात किती परकी मुलं वाढली! मला यात विश्वासाचा खरा प्रवास दिसतो. कुणाला घरात घ्यायचं आणि कुणाला नाही, हे आधी भीती ठरवत होती. पुढे ते ठरवण्याचा तिचा अधिकार गेला.

तुम्ही म्हणाल, सोवळं मनातलं होतं, विषाणू खरा होता. बरोबर आहे. अंतर ठेवणं, मास्क लावणं हे शहाणपणच होतं, आणि मावशींनीही "आत येऊ नकोस" असं सांगितलंच होतं. पण मास्क लावून फाटकाला पिशवी अडकवण्यात धोका तो कितीसा? माझी भीती रोगाच्या कधीच पुढे निघून गेली होती. तिला आता रोग दिसत नव्हता, मावशीच दिसत होत्या. शहाणपण आणि भीती यांतली रेघ मला तरी इथे सापडते. शहाणपण विचारतं, मदत कशी करू? भीती विचारते, टाळू कसं?

आणि एक गोष्ट जास्त टोचते. आमच्या मराठवाड्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांची मुळं गावकुसाबाहेरच्या वस्तीत आहेत. आमच्या पणज्यांना लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे. इथून जवळच, जालन्याजवळ, नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं. 1843 मध्ये ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. ज्यांची सावली टाळायला शिकवलं जायचं, त्या मांग कुटुंबांबरोबर त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांना भीती वाटली नसेल? घरदार सुटतं, माणसं तुटतात. पण त्यांनी मधलं अंतर चालून पार केलं, म्हणून आमच्यासारखी घरं आज उभी आहेत. आणि त्याच घरातल्या मला तीन घरांचं अंतर चालवलं नाही.

पुढे ऑक्टोबर 2021 मध्ये प्रार्थनास्थळं उघडली. पहिल्याच रविवारी मावशी नेमक्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी मान खाली घालून गीतांचं पुस्तक चाळत होतो. त्यांनी हळूच विचारलं, "ताप उतरला होता ना रे तुझा? मी रोज प्रार्थना करत होते तुझ्यासाठी."

त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला आजही कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालेलं नाही. म्हणजे ती भीती अजून आहेच.

असो. पुन्हा साथ येईल, दुष्काळ येईल, एखाद्या संध्याकाळी दंगलीची अफवा येईल. भीती तर वाटणारच. तेव्हा मी स्वतःला एवढंच विचारायचं ठरवलंय, ही भीती माझ्या दाराबाहेर कुणाला ठेवतेय? नाव आठवलं, की चपला घालायच्या. मास्क हवा असेल तर मास्कही लावायचा. स्तोत्र आल्यावर पाठवता येईल.

आणि पुढच्या रविवारी मावशींना खरं सांगून टाकावं म्हणतो.