एका दिवसाची दिल्ली

मुलांच्या परीक्षा आटोपताच महाराष्ट्रातून जी सहस्रावधी कुटुंबे हरिद्वार, वैष्णोदेवी किंवा शिमल्याच्या वाटेवर दिल्लीत उतरतात, त्यांच्या वाट्याला ही राजधानी बहुधा एकाच दिवसापुरती येते. आणि त्या एका दिवसात लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, राष्ट्रपती भवनाचे बाहेरून दर्शन, लोटस टेंपल, कुतुबमिनार व सायंकाळी अक्षरधाम एवढे सारे पाहून घेण्याचा संकल्प त्यांनी घरूनच सोडलेला असतो. प्रवाशांचा उत्साह स्तुत्य आहे, खर्चाचीही ओढाताण समजण्यासारखी आहे. परंतु प्रत्येक स्थळी अर्धा तास, त्यातला बराचसा तिकिटाच्या रांगेत व छायाचित्रांत, अशा हिशेबाने झालेल्या भ्रमंतीतून मराठी माणसाच्या हाती काही लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने यांतील चार स्थळे निःसंकोच सोडावीत आणि तो वेळ अशा ठिकाणी द्यावा, जेथे त्याच्या पूर्वजांचा इतिहास प्रत्यक्ष घडला.

1719 साली बाळाजी विश्वनाथ चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्याच्या सनदा आणि येसूबाईसाहेबांना घेऊन दिल्लीहूनच दक्षिणेस परतले. तेव्हापासून 1803 पर्यंत, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षे, या शहराच्या राजकारणाशी मराठ्यांचा संबंध कधी वकिलीचा, कधी स्वारीचा, तर कधी प्रत्यक्ष कारभाराचा राहिला. पेशव्यांचे वकील हिंगणे यांनी येथून पुण्यास धाडलेल्या बातमीपत्रांतून तत्कालीन दरबाराची नाडी आजही वाचता येते.

सकाळ लाल किल्ल्यास द्यावी, अर्थात सोमवार टाळून, कारण त्या दिवशी किल्ला बंद असतो. तेथे दिवाण-ए-खासमध्ये पोहोचल्यावर घाईने पुढे सरकू नये. मान वर करून छताकडे पाहावे. आज दिसते ते रंगविलेले लाकडी छत आहे. तेथील रुप्याचा पत्रा 1760 साली सदाशिवरावभाऊंनी काढवून त्याची नाणी पाडली, कारण पानिपताकडे निघालेल्या अफाट फौजेचा रोजमुरा भागविण्यास खजिन्यात पैसा उरला नव्हता. शहाजहानच्या दिवाणखान्याची ती हानी होती हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे, आणि उपाशी फौजेच्या सेनापतीची ती अगतिकताही तितक्याच प्रांजळपणे ध्यानी घेतली पाहिजे. याच महालात 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने वृद्ध बादशहा शाह आलमचे डोळे काढले, आणि महादजी शिंद्यांच्या फौजेने त्या नराधमाला हुसकावून अंध बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले. पेशव्यांच्या नावे वकील-ए-मुतलकीचे, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधित्वाचे, फर्मान मिळवून त्यांचा नायब या नात्याने बादशाहीचा कारभार पाहणारे महादजी ज्या दरबाराचे आधारस्तंभ होते, त्या दरबाराचा हा दिवाणखाना महाराष्ट्रातील प्रवाशाने अर्ध्या घटकेत ओलांडावा, याचे मला मनापासून दुःख होते. एक प्रहर येथे खर्च झाला तरी तो सार्थकीच लागेल.

दुपारी तालकटोऱ्यास जावे. 1737 च्या मार्चअखेरीस बाजीराव अनपेक्षितपणे दिल्लीसमोर येऊन ठाकले, तेव्हा शहराबाहेर चालून आलेल्या बादशाही सरदारांचा याच परिसरात पराभव झाला. शहर जाळण्याचा बेत मात्र बाजीरावांनी सोडून दिला, आणि यात मला त्यांच्या तलवारीइतकीच त्यांची मुत्सद्देगिरी थोर वाटते. फेब्रुवारी 2025 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते तालकटोरा स्टेडियममध्येच.

या इतिहासाचा उत्तरार्ध मात्र यमुनेपलीकडे, नोएडात आहे, आणि तिकडे कोणतीही सहल जात नाही. 11 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रजांच्या जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा येथे पराभव केला, आणि त्या वर्षाखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली मराठ्यांच्या हातून निसटली. पटपडगंजची लढाई म्हणून ती ओळखली जाते, आणि इंग्रजांनी उभारलेला तिचा स्मारकस्तंभ आज तेथील गोल्फ मैदानाच्या आवारात आहे. विजेत्याने आपल्या विजयाची खूण केली. पडलेल्या मराठी शिपायांसाठी तेथे मराठीत एखादी पाटी उभारावी, असे आजवर आपल्याला का सुचले नाही?

महाराष्ट्र शासनाने ही पाटी बसविण्यासाठी आणि स्तंभापर्यंत सामान्य प्रवाशाला विनासायास जाता यावे यासाठी उत्तर प्रदेश सरकारशी रीतसर पत्रव्यवहार करावा. कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनाने या तीन स्थळांचा मार्ग, दर्शनाच्या वेळा व संक्षिप्त इतिहास मराठीत छापून तेथे येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या हाती द्यावा. आणि आपल्या सहल कंपन्यांनी आपल्या कार्यक्रमात कुतुब व अक्षरधामबरोबरच हाही एक पर्याय ठेवावा, म्हणजे ज्याला हवा त्याला तो निवडता येईल.