चिप पीसीची चालेल, पण डिस्क हवी

मागच्या रविवारी बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने स्वतः सुटे भाग आणून गेमिंग पीसी जुळवलाय. मोठ्या हौसेने त्याने एक नवा गेम सुरू केला आणि पडद्यावर एक पट्टी सरकू लागली : शेडर तयार होत आहेत. चहा झाला, भजी संपली, पट्टी अजून निम्म्यावरच. ‘मामा, पहिल्यांदाच लागतो रे वेळ,’ तो म्हणाला.

त्याचं खरं आहे. ग्राफिक्स चिपला कळतील अशा सूचना आधी तयार कराव्या लागतात. कन्सोलसाठी ते काम गेम बनवणारे आधीच उरकून ठेवू शकतात, कारण माझ्या घरातली चिप आणि नाशिकच्या माणसाच्या घरातली चिप एकच. पीसीत मात्र कार्डं निराळी, ड्रायव्हर निराळे, म्हणून ते काम तुमच्या घरी येऊन पडतं. ‘द लास्ट ऑफ अस’ २०१३ साली प्लेस्टेशन ३ वर आला तेव्हा त्या यंत्रात मेमरी सगळी मिळून ५१२ एमबी होती. तेवढ्यात त्यांनी ते अख्खं जग बसवलं, कारण कुठे किती जागा आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्याच गेमची नव्याने केलेली आवृत्ती मार्च २०२३मध्ये पीसीवर आली, तेव्हा ती सुरुवातीला इतकी अडखळत होती की दुरुस्तीचे पॅच काढावे लागले.

म्हणून कन्सोलच्या पोटात पीसीची चिप आली याचा मला राग आहे असं नाही. प्लेस्टेशन ३ची सेल चिप सोनी, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून घडवली होती. भन्नाट, पण तिच्यासाठी प्रोग्राम लिहिताना भल्याभल्यांची दमछाक व्हायची. २०१३मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोघांनीही एएमडीची, पीसीच्या घराण्यातली चिप घेतली. त्यामुळेच माझ्या पीएस४च्या डिस्क आज पीएस५मध्ये चालतात. पीएस३ची डिस्क घातली तर चालत नाही.

माझी तक्रार पुढची आहे. चिपच्या मागोमाग पीसीच्या सवयीही कन्सोलमध्ये शिरताहेत. २०२४च्या जाहिरातीत मायक्रोसॉफ्टने फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळ्यालाच एक्सबॉक्स म्हणून टाकलं. २०२५मध्ये त्या नावाने हातात धरायचं जे यंत्र आलं, त्यात सरळ विंडोज ११ आहे. आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सोनीने पीएस५ प्रो आणला तो डिस्क ड्राइव्हशिवाय. ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा, वर एकदा इंटरनेटवरून त्याची नोंदणी करायची.

पीसीवाल्यांनी डिस्क कधीच सोडून दिली. आपल्याकडे मात्र डिस्क म्हणजे खेळणाऱ्याची बचत आहे. पीएस५चा मोठा गेम नवा घ्यायचा तर पाच हजारांच्या घरात जातो. मी तो घेतो, महिनाभरात संपवतो, लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात नेऊन देतो, वर थोडे पैसे घालतो आणि दुसरा घेऊन येतो. डाउनलोड केलेला गेम कुणाला देता येत नाही, विकता येत नाही. पगारदार माणसाने वर्षाला असे किती गेम घ्यायचे? चिप खुशाल पीसीची घ्या, पण ड्राइव्ह यंत्रातच ठेवा आणि यंत्र सगळ्यांकडे सारखं ठेवा.

तिकडे पीसीवाले नेमका हा सारखेपणा शिकताहेत, याचं मला फार वाटतं. व्हॉल्व्हने २०२२मध्ये स्टीम डेक आणला आणि त्या एका यंत्रावर गेम तपासून ‘हा इथे नीट चालतो’ असा शिक्का द्यायला सुरुवात केली. सेटिंगमध्ये डोकं न घालता खेळता यावं, ही आपल्या कन्सोलवाल्यांची चाळीस वर्षांची कमाई. दुसरे ती उचलताहेत आणि आपले ती हातातून सोडताहेत.

निघताना भाच्याने त्याची लायब्ररी दाखवली. शंभरावर गेम आहेत, पण मला त्यातला एकही नेता आला नाही. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे पीएस४ आहे, तो माझ्याकडे ‘गॉड ऑफ वॉर’ मागत होता. येत्या रविवारी डिस्क पिशवीत टाकून नेणार आहे. दिवाळीपर्यंत ठेव म्हणून सांगितलंय.