माहेरचा रोग

लहान मुलाच्या गुडघ्यात वारंवार रक्त साचते, दात पडला तर रक्त थांबत नाही, आणि डॉक्टर ‘हिमोफिलिया’ असे निदान करतात. मग घरात पहिला प्रश्न सुनेला विचारला जातो : “तुझ्या माहेरी होता का गं कुणाला हा रोग?” हा प्रश्न नसतो, आरोप असतो.

खेदाची गोष्ट ही, की जीवशास्त्र शिकणारे आपणही या आरोपाला नकळत दुजोरा देतो. प्रात्यक्षिकात वंशावळ काढताना मीही मुलाचा चौकोन काळा केला, आईचे वर्तुळ अर्धे रंगवले आणि ‘रोग आईकडून येतो’ असे लिहून वही मिटली. ते वाक्य खोटे नाही, पण अर्धवट आहे.

रक्त गोठण्यास लागणाऱ्या आठव्या घटकाचे जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ असते. १९८४ साली ते हाती लागले. त्याची लांबी सुमारे १,८६,००० अक्षरे. त्यांपैकी प्रथिनाचा मजकूर जेमतेम ७,००० अक्षरांचा, आणि तोही २६ तुकड्यांत विखुरलेला. तुकड्यांमधल्या जागांपैकी बाविसावी जागा सर्वांत मोठी, ३२,००० अक्षरांची. तिच्यातील एका मजकुराच्या आणखी दोन नकला जनुकाबाहेर, गुणसूत्राच्या टोकाकडे आहेत. बीजपेशी तयार होताना गुणसूत्राचे टोक दुमडून या सारख्या मजकुरांची गाठ पडली, की मधला भाग उलटा बसतो आणि जनुक दुभंगते. तीव्र ‘हिमोफिलिया ए’च्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत हाच दोष असतो, हे १९९३ मध्ये उघड झाले.

आता खरा मुद्दा. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स असतात. ते एकमेकांशी जुळून बसल्यामुळे टोक दुमडण्यास फारसा वाव राहत नाही. पुरुषाचा एक्स एकटा. म्हणून ही उलथापालथ बहुतेक पुरुषाच्या शरीरात, शुक्रपेशी तयार होताना घडते, असे १९९४ च्या संशोधनात दिसून आले. बाप आपला एक्स मुलाला देत नाही, मुलीला देतो. म्हणजे या दोषाचा उगम पुष्कळदा आजारी मुलाच्या आईच्या वडिलांकडे, किंवा आजोळच्या त्याहून जुन्या पिढीतील एखाद्या पुरुषाकडे असतो. तो पुरुष स्वतः धडधाकट असतो. मग ‘माहेरी कुणाला होता’ याचे उत्तर त्या बिचारीने काय द्यावे?

तर मग दोष आजोबांना द्यायचा काय? मुळीच नाही. अक्षरे उलटी बसली, ती कुणी मुद्दाम बसवली नाहीत. वंशावळ काढायची ती आरोपी शोधण्यासाठी नव्हे, सावध होण्यासाठी. मुलाच्या बहिणीची, मावशीची तपासणी व्हावी, म्हणजे पुढे बाळंतपणात आई व मूल दोघांसाठीही आधीच तयारी ठेवता येईल.

आपल्या वहीत यापुढे एक वाक्य अधिक लिहावे, एवढीच माझी विनंती आहे : ‘रोग आईकडून आला, पण दोष तिच्यापाशी सुरू झाला असेलच, असे नाही.’ वर्गात लिहिलेले हे वाक्य उद्या एखाद्या घरात बोलून दाखवण्याची वेळ आपल्यावर येईल. तेव्हा आपण गप्प बसू नये.