घंटा वाजेल, पण धावणार कोण?

मुलगा पुण्याला, मुलगी सुरतेला आणि तेल्हाऱ्याच्या जुन्या घरात एकटी वृद्ध आई : वऱ्हाडातील न परवडणाऱ्या शेतीने घडविलेल्या कुटुंबाचे हे चित्र आता अपवादात्मक राहिलेले नाही. त्या आईला स्मृतिभ्रंशाने ग्रासले की बाजारपेठ मुलांपुढे एक तयार तोडगा मांडते. ओसरीत कॅमेरा, दाराला हालचाल टिपणारे यंत्र, मनगटावर ठावठिकाणा कळविणारा पट्टा. आईने रात्री उंबरठा ओलांडला की पुण्यातील मोबाईल वाजेल. आई आपल्या घरी, मुले आपल्या नोकरीवर आणि सरकार निश्चिंत! या सोयीस्कर त्रैराशिकात एकच प्रश्न कोणी विचारीत नाही. घंटा वाजल्यावर धावणार कोण?

हा काही सुखवस्तूंच्या घरचा प्रश्न नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. शहरांत हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत ते अधिक आढळते. म्हणजे ज्यांना आयुष्यभर शाळा आणि दवाखाना दुर्लभ होता, त्यांच्याच वाट्याला हा आजार अधिक येतो. आणि आपला समाज मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून किंवा म्हातारचळ ठरवून मोकळा होतो.

यंत्रांच्या भरवशाची कसोटी इंग्लंडमध्ये लागलेली आहे. तेथे ४९५ स्मृतिभ्रंशग्रस्तांचे दोन गट करून एका गटास संपूर्ण यंत्रसामग्री व दूरस्थ देखरेख, तर दुसऱ्यास धुराची सूचना देणाऱ्या यंत्रासारखी मोजकी साधने देण्यात आली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अधिक यंत्रे मिळालेल्या गटातील माणसे आपल्या घरी अधिक काळ राहू शकली, असे दिसून आले नाही. जेथे सार्वजनिक आरोग्यसेवा आणि घरी येणारे मदतनीस आहेत तेथे ही गत. मग अकोला जिल्ह्यात, जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, वीज भरवशाची नसते आणि भर दुपारी वाट चुकलेली म्हातारी काही तासांत उष्माघाताने दगावू शकते, तेथे पुण्यात वाजणाऱ्या मोबाईलचा उपयोग काय?

उपयोग एकाच अटीवर आहे : गावात धावणारे माणूस असले पाहिजे. आजही ते आहे. पण ते बिनमोल राबते. ती सून असते, शेजारीण असते, कधी शाळा सोडलेली नात असते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात असे आढळले. या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. कॅमेरा मात्र विकला गेला की त्या उत्पन्नात भर पडते! ज्या हिशेबात यंत्राला किंमत आहे आणि सेवेला नाही, तो हिशेबच मुळात खोटा आहे.

यावर काही मित्र म्हणतील की ही यंत्रे म्हणजे पाळतच, ती धुडकावूनच लावावीत. ही भूमिकाही एकांगी आहे. हरवलेल्या वृद्धाला तासाभरात शोधून देणारा पट्टा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सुनेला रात्री चार तास निर्धास्त झोप मिळत असेल, तर तीही मोलाची आहे. आक्षेप यंत्राला नाही. यंत्र हेच धोरण समजण्याला आहे. आणि पाळतीची भीतीही निराधार नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. तो हक्क स्मृतीबरोबर लोप पावत नाही. स्नानगृहाच्या दारापर्यंत पोहोचलेला कॅमेरा त्या माऊलीला विचारून, तिला समजते आहे तोवरच, बसविला गेला पाहिजे. त्यातील चित्रे कंपनीच्या मालकीची होता कामा नयेत.

मग शासन काय करते? वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपये आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून १५०० रुपये मिळतात. एवढ्यात यंत्रही येत नाही आणि माणूसही येत नाही. २००७ च्या कायद्याने आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. पण मुलांना गाव सोडायला लावणाऱ्या अर्थव्यवस्थेची जबाबदारी कोणावर, याबद्दल तो मौन पाळतो.

म्हणून मागणी नेमकी असावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात साठीपुढील प्रत्येकाची स्मृतितपासणी व्हावी. प्रत्येक गावात प्रशिक्षित, पगारी सेवक असावेत. आशा सेविकांवर हे काम लादायचे असेल तर त्यांना मानधन नव्हे, वेतन द्यावे. पट्टे आणि सूचनायंत्रे ग्रामीण रुग्णालयातून विनामूल्य वापरावयास मिळावीत आणि त्यांची घंटा प्रथम गावातील सेवकाकडे वाजावी, पुण्यात नंतर.

तेल्हारा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पुढील उन्हाळ्यापूर्वी घरोघर जाऊन अशा वृद्धांची, आणि त्यांना सांभाळणाऱ्या स्त्रियांचीही, गणना करावी आणि ती घेऊन तहसीलवर जावे. ज्या हातांनी या मातीतला कापूस वेचला, ते हात आज आपल्याच घराचे दार ओळखत नाहीत. त्या दाराशी यंत्र खुशाल बसवावे. पण ते वाजल्यावर येणारे माणूस नेमणे हे शासनाचे काम आहे, आणि ते त्याच्याकडून करवून घेणे हे आपले.