गुरुत्वाकर्षणाची चूक दिसते, मनोविकाराची का नाही?

रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ (१९७९) हा विज्ञानपट की भयपट, हा वाद चित्रपटवेड्यांमध्ये चार दशकांहून अधिक काळ रंगतो आहे. यान, दूरचा ग्रह, कृत्रिम माणूस यांमुळे एक पक्ष त्याला विज्ञानपट म्हणतो. बंद जागेत एकेकाला टिपणाऱ्या श्वापदाकडे बोट दाखवून दुसरा पक्ष त्याला भयपट ठरवतो. जॉन कार्पेंटर यांच्या ‘द थिंग’च्या (१९८२) अखेरीस अंटार्क्टिकाच्या बर्फात उरलेल्या दोघांपैकी खरा माणूस कोण, यावर तर अजूनही एकमत नाही. या वादांना रिकामटेकडा उद्योग म्हणून हिणवण्याचे कारण नाही. आपला आवडता चित्रपट श्रेष्ठ ठरवण्यासाठी माणसे विज्ञानाची पुस्तके उघडतात, हा विज्ञानप्रसारच आहे.

या चाहत्यांची नजर तीक्ष्ण असते. ‘स्टार वॉर्स’मधल्या (१९७७) स्फोटांचे आवाज निर्वात अवकाशात ऐकू येणार नाहीत, हे आज शाळकरी मूलही सांगते. ‘ज्युरासिक पार्क’मध्ये (१९९३) राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातील रक्तापासून डायनासोर घडवले जातात. प्रत्यक्षात आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे, तर डायनासोर नाहीसे होऊन ६.६ कोटी वर्षे लोटली. ‘ग्रॅव्हिटी’तील (२०१३) अंतराळवीर हबल दुर्बिणीपासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे जातात, पण दोघांच्या कक्षा इतक्या वेगळ्या आहेत की, तसा प्रवास शक्य नाही, हेही प्रेक्षकांनी हेरले. निर्मातेही शहाणे झाले. ‘इंटरस्टेलर’मधील (२०१४) कृष्णविवर किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून रेखाटले गेले. याच थॉर्न यांना २०१७ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र पडद्यावर मनोरुग्ण आला की हीच नजर मिटते. हिचकॉक यांच्या ‘सायको’त (१९६०) खुनाचे रहस्य शेवटी मनोविकारतज्ज्ञ उलगडून सांगतो. ‘हॅलोवीन’मधील (१९७८) खुनी मनोरुग्णालयातून पळालेला असतो. ‘स्प्लिट’मधील (२०१६) नायकाच्या अंगी २३ व्यक्तिमत्त्वे आहेत आणि चोविसावे तर भिंतीवर चढणारे नरभक्षक आहे. यांतला सर्वांत थरारक खलनायक कोणता, यावर तासन्‌तास चर्चा होते. पण आजार खरोखर असा असतो का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. स्फोटाच्या आवाजाला जो पुरावा मागितला जातो, तो रुग्णाच्या बाबतीत मागितला जात नाही.

विज्ञान काय सांगते? पहिली गोष्ट, स्किझोफ्रेनिया आणि ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हे दोन वेगळे आजार आहेत. स्किझोफ्रेनिया या मूळ ग्रीक शब्दातच ‘मन’ आणि ‘फाटणे’ आहे, मराठीतही त्याला छिन्नमनस्कता म्हटले गेले. त्यामुळे गोंधळ वाढला. या आजारात माणसाची दोन माणसे होत नाहीत. नसलेले आवाज ऐकू येतात, कोणी तरी आपल्या वाईटावर आहे असे ठाम वाटते, विचारांची साखळी तुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० पैकी एकाला हा आजार असतो. बहुतेकदा तो ऐन तारुण्यात सुरू होतो आणि औषधांनी आटोक्यात येऊ शकतो. दुसरी गोष्ट, बहुसंख्य मनोरुग्ण हिंसक नसतात. उलट, तेच इतरांच्या हिंसेचे बळी ठरण्याची शक्यता अधिक असते.

भारतीय पडद्यावरचे चित्र संमिश्र आहे. मल्याळम ‘मणिचित्रताळ’वरून (१९९३) बेतलेल्या ‘भूल भुलैया’ने (२००७) भुताटकीमागे आजार असू शकतो, हे लाखो घरांत पोहोचवले. उपचार मात्र एका रात्रीच्या नाट्यात उरकले. वास्तवात अशा विकारांत मानसोपचार वर्षानुवर्षे चालतात. पुढे ‘भूल भुलैया २’मध्ये (२०२२) भूत खरेच निघाले.

एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारेल. बिघडते ते पडद्याबाहेर. बेंगळुरूच्या ‘निमहान्स’ने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. डॉक्टर कमी, पैसा कमी ही कारणे आहेतच. पण ‘लोक काय म्हणतील’ ही भीतीही त्यात आहे. मुलाला आवाज ऐकू येतात हे कळल्यावर घरच्यांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा खुनी उभा राहत असेल, तर ते आजार लपवतील किंवा मांत्रिकाचे दार ठोठावतील. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. ते साखळदंडांनी बांधलेले होते, म्हणून पळू शकले नाहीत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनाई केली आहे. पण कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. मनातली समजूत आत शिरते.

यावर बंदी किंवा कात्री हा उपाय नव्हे. भीती अनुभवण्यात मजा आहे आणि ती मजा कोणी हिरावून घेऊ नये. भुताखेतांचे चित्रपट जरूर निघावेत. भुताची बदनामी होत नाही, रुग्णाची होते. निर्माते कृष्णविवरासाठी भौतिकशास्त्रज्ञाला बोलावू शकतात, तर मनोरुग्णाच्या पात्रासाठी मनोविकारतज्ज्ञालाही बोलावू शकतात. ते तसे करतील, पण प्रेक्षकांनी विचारले तरच. ‘ग्रॅव्हिटी’तल्या कक्षा तपासणाऱ्या चाहत्यांनी ‘स्प्लिट’मधला आजारही त्याच काटेकोरपणे तपासावा, एवढीच अपेक्षा. आणि घरात कोणाच्या वागण्यात असा बदल दिसलाच, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. मांत्रिकाआधी तो फिरवावा.